नेदरलँड्सची ऑफर आली? पॅकेजच्या आधी स्पॉन्सर बघा

ऑफर लेटर हातात पडलं की घरातला पहिला प्रश्न, ‘पॅकेज किती?’ दुसरा, ‘राहायची सोय कंपनी करणार का?’ तिसरा बहुधा आईचा असतो आणि तो थंडीबद्दल असतो. ‘कंपनी आयएनडीच्या यादीत आहे का?’ हे मात्र कुणी विचारत नाही. आयएनडी म्हणजे इथलं परदेशी नागरिकांच्या वास्तव्याचं आणि नागरिकत्वाचं खातं, आणि यादी म्हणजे त्याने मान्य केलेल्या कंपन्यांची. नेदरलँड्सच्या बाबतीत सुरुवात या प्रश्नापासून करावी. उत्तर ‘नाही’ आलं, तर पॅकेजची चर्चा थोडी थांबवलेली बरी.

मी उत्रेख्तमधल्या एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत एचआर बघते. भारतातून येणाऱ्यांचे अर्ज भरणं, त्यांच्या फायली सांभाळणं हा माझ्या कामाचा मोठा भाग. ओळखीतल्या, ओळखीच्यांच्या ओळखीतल्या मुलामुलींचे फोन येत असतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहिते.

स्पॉन्सर म्हणजे जामीनदार

उच्चशिक्षित, कुशल परदेशी कर्मचाऱ्यांसाठीची योजना इथे २००४ मध्ये सुरू झाली. त्या कर्मचाऱ्याला डच भाषेत ‘केनिसमिग्रांट’ म्हणतात. १ जून २०१३ पासून नवा कायदा लागू झाला आणि आत्ता आहे ती ‘एर्केंड रेफरेंट’ पद्धत, म्हणजे मान्यताप्राप्त स्पॉन्सरची पद्धत आली.

पतपेढीतून कर्ज काढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पतपेढी तुमच्याइतकीच, कधी कधी तुमच्यापेक्षा जास्त, तुमच्या जामीनदाराची चौकशी करते. इथेही तसंच. आयएनडी कंपनीला एकदा नीट तपासते: ती खरोखर चालू आहे का, कर वेळेवर भरते का, चालवणारी माणसं कशी आहेत. पसंत पडली की यादीत घालते. मग ती कंपनी अर्ज करते तेव्हा उमेदवाराचा प्रत्येक कागद मागितला जात नाही. ‘हा माणूस नियमात बसतो, पुरावे आमच्या फायलीत आहेत’ असं कंपनी लिहून देते आणि त्या शब्दावर अर्ज पुढे सरकतो. अर्ज पूर्ण असेल तर साधारण दोन आठवड्यांत निकाल देण्याचं आयएनडीचं उद्दिष्ट असतं. शब्द खोटा निघाला तर जामीनदाराला धरतात.

केनिसमिग्रांटचा परवाना फक्त अशा मान्यताप्राप्त कंपनीमार्फतच मिळतो. यादीत नसलेली कंपनी तुम्हाला आणूच शकत नाही असं नाही. युरोपियन ब्लू कार्डचा, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांसाठीच्या युरोपीय संघाच्या परवान्याचा, मार्ग तिलाही मोकळा आहे, आणि नेहमीच्या नोकरीचा परवानाही आहे. पण या दुसऱ्या मार्गात, युरोपात या जागेसाठी माणूस मिळाला नाही हे सहसा दाखवावं लागतं आणि तिथेच बऱ्याच जणांचं घोडं पेंड खातं. तेव्हा यादीत नसलेली कंपनी ‘व्हिसाचं आम्ही बघून घेऊ’ म्हणाली, तर ‘कोणत्या मार्गाने?’ हे लेखी विचारा. उत्तर देता येत नसेल तर त्यांनी अजून काहीही बघितलेलं नाही.

यादी कशी बघायची

आयएनडीच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त स्पॉन्सरची नोंदवही सर्वांसाठी खुली आहे. पैसे लागत नाहीत, लॉगिन लागत नाही. यादीत हजारो नावं आहेत आणि प्रत्येकासमोर त्याचा केव्हीके क्रमांक असतो. केव्हीके म्हणजे इथलं व्यापार नोंदणी कार्यालय. नावाने शोधण्यापेक्षा या क्रमांकाने शोधा, कारण नावं फसवी असतात.

नोंदवहीत वेगवेगळ्या याद्या आहेत हे लक्षात ठेवा. विद्यार्थ्यांसाठी वेगळी, संशोधकांसाठी वेगळी, मुलं सांभाळायला येणाऱ्या ओ-पेअरसाठी वेगळी. तुम्हाला नोकरी आणि केनिसमिग्रांटची यादी बघायची आहे. एखादी संस्था ओ-पेअरच्या यादीत असेल तर तेवढ्यावर ती तुम्हाला इंजिनियर म्हणून आणू शकत नाही.

आणखी एक. यादी सर्वांना दिसते, म्हणजे ठकालाही दिसते. तो यादीतल्या खऱ्या कंपनीचं नाव उचलतो, जवळपास तसाच दिसणारा ईमेल पत्ता काढतो आणि ‘प्रोसेसिंग फी’ मागतो. म्हणून यादीत नाव सापडलं की काम अर्धंच झालं. कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरचा फोन नंबर शोधून तिथे फोन करा आणि ऑफर देणारा माणूस तिथे आहे का ते विचारा. नोकरी मिळवून देतो म्हणून लाखभर रुपये मागणाऱ्या एजंटकडे या यादीपेक्षा वेगळं काही नसतं.

करारावर सही कुणाची आहे?

मोठ्या समूहांत जवळपास एकाच नावाच्या अनेक ‘बीव्ही’ असतात. बीव्ही म्हणजे आपल्याकडची प्रायव्हेट लिमिटेड. यादीत एक बीव्ही असते आणि करार दुसरीच्या नावाने येतो. एकदा आमच्याकडे मुलाखती, पगार, तारीख सगळं ठरल्यावर अर्ज भरायला बसले तेव्हा दिसलं, की करार भगिनी कंपनीच्या लेटरहेडवर छापला होता. चूक आमचीच होती. करार पुन्हा छापून, पुन्हा सह्या करून घ्याव्या लागल्या आणि त्या बिचाऱ्याचे पुण्यातले आठ दिवस नखं खाण्यात गेले. करारावरचं पूर्ण कायदेशीर नाव आणि केव्हीके क्रमांक नोंदवहीशी जुळवायला दोन मिनिटं लागतात.

पुण्या-मुंबईच्या आयटी कंपनीतून तुम्ही इथल्या शाखेत येणार असाल, तर आधी हे विचारा: ‘मला केनिसमिग्रांट म्हणून नेताय की आयसीटी म्हणून?’ आयसीटी म्हणजे समूहाअंतर्गत बदली. यात तुमचा करार भारतातल्या कंपनीशीच राहतो. तज्ज्ञ आणि व्यवस्थापकांसाठी हा परवाना जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो, त्यापुढे वाढत नाही. दोन-तीन वर्षांत परत जायचं ठरवूनच येत असाल तर काही बिघडत नाही. पण मुलांना इथल्या शाळेत घालायचा, पुढे इथेच राहायचा विचार असेल, तर हा फरक पहिल्या दिवशी कळलेला बरा. ‘डेप्युटेशन’ या एका शब्दाखाली दोन्ही प्रकार येतात आणि मॅनेजरलाही पुष्कळदा माहीत नसतं.

तिसरा प्रकार पेरोल कंपनीचा. काम एका कंपनीत, करार दुसऱ्या, यादीत असलेल्या कंपनीशी. हे कायद्याच्या चौकटीत बसवून केलं जातं, पण मला स्वतःला हा प्रकार आवडत नाही. तुमचा जामीनदार तुम्हाला रोज बघतही नसतो. काम देणाऱ्या कंपनीला तुमची गरज संपली तर पेरोल कंपनी तुमचं काय करणार, हे करारात कुठे लिहिलंय ते शोधा.

पगाराचं गणित, आणि बहात्तर हजारांचा सापळा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून वाचा.

केनिसमिग्रांटसाठी किमान पगार ठरलेला असतो आणि तो दर वर्षी १ जानेवारीला बदलतो. २०२५ मध्ये तो असा होता: वय ३० किंवा जास्त असेल तर महिना ५,६८८ युरो, तिशीच्या आत ४,१७१ युरो. इथल्या विद्यापीठातून नुकतीच पदवी घेतलेल्यांसारख्या काही ठरावीक गटांसाठी २,९८९ युरो. हे सगळे आकडे कर कापण्याआधीचे आणि सुट्टी भत्ता सोडून आहेत.

हा सुट्टी भत्ता म्हणजे ‘फाकान्सीखेल्ट’. वर्षाच्या पगाराच्या ८ टक्के, साधारणपणे मे महिन्यात एकरकमी मिळतो. आपल्याकडच्या दिवाळी बोनससारखा वाटतो, पण हा कायद्याने द्यावाच लागतो. ऑफर देणारे वर्षाचा मोठा आकडा सांगताना तो धरून सांगतात.

आता समजा, तुमचं वय ३२ आहे आणि २०२५ मध्ये ऑफर आली वर्षाला ७२,००० युरोंची. बाराने भागलं, ६,००० आले. ५,६८८ पेक्षा जास्त, म्हणजे झालं, असं वाटतं. पण करारात बारीक अक्षरात ‘सुट्टी भत्त्यासह’ असं असेल, तर आधी १.०८ ने भागायचं. ६६,६६७ उरले. त्याला बाराने भागा: ५,५५६. मर्यादेपेक्षा महिन्याला १३२ युरो कमी. इतक्या फरकाने अर्ज अडतो. कंपनीला हे वेळेत कळलं तर ती बहुतेक वेळा आकडा वाढवून देते. उशिरा कळलं तर सगळ्यांचीच पळापळ होते.

कामगिरीवर अवलंबून असलेला बोनस या हिशेबात धरत नाहीत. करारात लिहिलेला, दरमहा ठरलेला भत्ता धरता येतो. पगार दरमहा तुमच्या बँक खात्यात जमा व्हावा लागतो. अर्धवेळ काम घेतलंत म्हणून मर्यादा अर्धी होत नाही, हेही बऱ्याच जणींना उशिरा कळतं. चार दिवसांचा आठवडा इथे अगदी नेहमीचा आहे. सहकारी घेतात म्हणून आपणही घ्यायला जातो, आणि पगार मर्यादेच्या खाली घसरतो. तास कमी करायचे असतील किंवा लांबची बिनपगारी रजा हवी असेल, तर आधी एचआरला हिशेब करायला लावा.

तारखेची गंमत वेगळीच. अर्ज ज्या दिवशी आयएनडीकडे जातो, त्या दिवसाची मर्यादा लागू होते. २०२४ मध्ये तिशीपुढच्यांसाठी ५,३३१ युरो होते. डिसेंबर २०२४ मध्ये ५,४०० युरोंवर करार झाला, कागद जमवता जमवता जानेवारी उजाडला, की तोच करार तोकडा पडला. नाताळाच्या आसपास ऑफर आली असेल तर कंपनीला नव्या वर्षाच्या आकड्यानेच करार करायला सांगा.

वयाचा मुद्दा पुढे नोकरी बदलताना चावतो. अठ्ठाविसाव्या वर्षी तिशीच्या आतल्या मर्यादेवर आलात, त्याच कंपनीत राहिलात, तर तिशी उलटल्यावरही जुनीच मर्यादा चालते. एकतिसाव्या वर्षी दुसरीकडे गेलात, की तिशीपुढची मोठी रक्कम लागते. २०२५ च्या आकड्यांत हा फरक महिन्याला दीड हजार युरोंचा होता. पगारवाढ मागताना हे ध्यानात ठेवा, कारण बाहेर पडायची तुमची किंमत अचानक वाढलेली असते.

‘थर्टी पर्सेंट रुलिंग’ या सगळ्यापासून वेगळं आहे. ती पगाराचा तीस टक्क्यांपर्यंतचा भाग करमुक्त करणारी सवलत आहे, ती देते कर खातं आणि तिच्या अटीही वेगळ्या आहेत. मिळाली तर जास्तीत जास्त पाच वर्षं, आणि २०२७ पासून ती २७ टक्क्यांवर येणार आहे. कंपनी मान्यताप्राप्त आहे म्हणून ही सवलत आपोआप मिळत नाही. कामाला लागल्यापासून चार महिन्यांच्या आत अर्ज गेला तर ती पहिल्या दिवसापासून लागू होते. एवढं एक वाक्य एचआरला पहिल्याच आठवड्यात ऐकवून ठेवा.

कागद: सुरुवात गावाकडून

परवान्याचा अर्ज कंपनी भरते. तुम्ही पासपोर्टच्या प्रती, करार, पदवी, गुन्हेगारी पार्श्वभूमी नसल्याचं स्वतःचं निवेदन आणि क्षयरोग तपासणीला तयार असल्याचा सहीचा कागद देता. यात फारसं काही अडत नाही.

अडतं ते जन्म दाखला आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्रावर. इथल्या नगरपालिकेत नोंद करताना आणि जोडीदाराला आणताना हे लागतात, आणि ते अपोस्टिल केलेले, म्हणजे परदेशात चालावेत म्हणून सरकारने खरे असल्याचा शिक्का मारलेले, हवेत. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे. त्यामुळे राज्याची पडताळणी आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल एवढं पुरतं, वकिलातीत वेगळ्या चकरा माराव्या लागत नाहीत. पण आधी दाखला धड हवा. ग्रामपंचायतीतून चाळीस वर्षांपूर्वी हाताने लिहून दिलेला, फक्त मराठीत असलेला दाखला इथे चालत नाही. इंग्रजी, डच, फ्रेंच किंवा जर्मन नसेल तर शपथबद्ध भाषांतरकाराचं भाषांतर लागतं. त्यापेक्षा मराठी-इंग्रजी अशा नव्या नमुन्यात दाखला पुन्हा काढा आणि मग अपोस्टिल करा.

आणि नावं. आपलं नाव म्हणजे स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. लग्नानंतर बाईचं मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावसुद्धा बदलतं. जन्म दाखल्यावर एक बाई, पासपोर्टवर दुसरी, आणि दोघींना जोडणारा एकच कागद म्हणजे विवाह प्रमाणपत्र. त्याच्यावर माहेरचं पूर्ण नाव स्पष्ट असेल याची खात्री करा. काही दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, नुसतं ‘मुलगी’ लिहिलेलं असतं. ही दुरुस्ती पुण्यात किंवा सांगलीत बसून करणं सोपं, इथून फोनवर करणं म्हणजे दरवेळी कुणा ना कुणा मामाला सुट्टी काढायला लावणं.

कुटुंबाचा अर्ज तुमच्या अर्जासोबतच करायला कंपनीला सांगा. मान्यताप्राप्त स्पॉन्सर तो एकत्र करू शकतो. केनिसमिग्रांटच्या जोडीदाराला इथे कोणतीही नोकरी वेगळ्या परवान्याशिवाय करता येते, हा या मार्गाचा मोठा फायदा आहे आणि ऑफर तोलताना तो हिशेबात धरा.

राजीनामा कधी द्यायचा

मंजुरीचं पत्र हातात पडल्याशिवाय देऊ नका. दोन आठवड्यांचं उद्दिष्ट हे उद्दिष्टच आहे. कागद अपुरा निघाला की ते लांबतं.

मंजुरी आली की तीन महिन्यांच्या आत भारतात एमव्हीव्ही, म्हणजे प्रवेशाचा व्हिसा, पासपोर्टवर लावून घ्यायचा. तो लागल्यापासून नव्वद दिवसांच्या आत इथे यायचं. आता आपल्याकडच्या कंपन्यांचा नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड याच्या शेजारी ठेवा. मंजुरीच्या दिवशी राजीनामा दिला आणि उत्साहात त्याच आठवड्यात एमव्हीव्हीही लावून घेतला, तर नोटीस संपते साधारण त्याच सुमारास व्हिसाची मुदतही संपते. एखादा हँडओव्हर लांबला की गेलं. एमव्हीव्हीची अपॉइंटमेंट पाच-सहा आठवड्यांनी घ्या, म्हणजे दोन्ही मुदती पाळता येतात आणि हाताशी महिनाभर उरतो. करारातली रुजू होण्याची तारीखही याच्याशी जुळायला हवी. ती पुढे गेली तर कंपनीला लगेच कळवा.

इथे उतरल्यावर

पाच दिवसांच्या आत नगरपालिकेत, म्हणजे ‘खमेन्ते’मध्ये, नाव नोंदवायचं. तिथे बीएसएन, म्हणजे इथला नागरिक सेवा क्रमांक, मिळतो आणि त्याशिवाय पगार, बँक, विमा सगळं लटकतं. नोंदणीला पत्ता लागतो. ‘राहा, पण नोंदणी करू नका’ म्हणणारे घरमालक भेटतील. तसलं घर स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. कंपनी पहिले दोन-तीन महिने तात्पुरतं घर देत असेल, तर त्या पत्त्यावर नोंदणी होते का, हे निघण्याआधी विचारा. अॅम्स्टरडॅम, हेग, रॉटरडॅम, आइंडहोवन इथल्या आंतरराष्ट्रीय केंद्रांत मान्यताप्राप्त कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना नोंदणी आणि परवान्याचं कार्ड ही कामं एकाच फेरीत करता येतात. क्षयरोग तपासणी तीन महिन्यांच्या आत. छातीचा एक एक्स-रे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

जामीनदाराच्या डोक्यावरचं ओझं

हे तुम्हाला माहीत असावं, कारण एचआर अधूनमधून विचित्र कागद का मागते ते त्यातून कळतं. मान्यताप्राप्त कंपनीची तीन कर्तव्यं असतात. कर्मचारी नीट निवडणं आणि त्याला त्याचे हक्क सांगणं हे एक. बदल कळवणं हे दुसरं: पगार मर्यादेखाली गेला, नोकरी संपली, कामाचं स्वरूप बदललं, तर चार आठवड्यांच्या आत आयएनडीला. तिसरं म्हणजे फाईल सांभाळणं. तुम्ही गेल्यावरही पाच वर्षं तुमचे कागद जपून ठेवायचे असतात. पगाराचे आकडे सरकारी नोंदींत जातातच, त्यामुळे ‘कोण बघतंय’ हा विचार इथे चालत नाही. चुकलं तर आधी ताकीद, मग दंड, आणि फारच झालं तर मान्यता जाते.

मान्यता गेली तर भोगावं कर्मचाऱ्यालाच लागतं. तुमचा काही दोष नसताना नवा मान्यताप्राप्त मालक शोधायला साधारण तीन महिने मिळतात. म्हणून लहान, नव्या कंपनीत जाताना तिच्या कामाबद्दल विचाराल, तसंच हेही विचारा: ‘आतापर्यंत किती केनिसमिग्रांट आणलेत? हे काम आत कोण बघतं, की बाहेरचा वकील?’ मुलाखतीत हे विचारलं म्हणून कुणाला राग येत नाही. डच माणसाला आडवळणाने विचारलेलंच उलट कळत नाही.

नोकरी बदलताना, किंवा गेल्यावर

चालू परवान्यावर दुसऱ्या मान्यताप्राप्त कंपनीत जाताना नवा परवाना लागत नाही. नवी कंपनी चार आठवड्यांच्या आत आयएनडीला कळवते आणि काम भागतं. राजीनाम्याआधी मात्र नोंदवही पुन्हा उघडा. नवी कंपनी कितीही नावाजलेली असली तरी यादीत नसेल, तर या परवान्यावर तिथे जाता येणार नाही.

नोकरी गेली तर शोधासाठी जास्तीत जास्त तीन महिने मिळतात, तेही परवान्याची मुदत तेवढी शिल्लक असेल तर. हे तीन महिने नोकरी संपल्यापासून मोजतात. कंपनी समझोत्याचा करार पुढे करेल तेव्हा शेवटची तारीख जितकी पुढे ढकलता येईल तितकी ढकला, आणि सहीआधी कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवा. त्या वकिलाचे पैसे बहुतेकदा कंपनीच देते, पण मागावे लागतात. प्रोबेशनमध्ये मात्र दोन्ही बाजूंना तडकाफडकी थांबता येतं. दोन वर्षांपेक्षा कमी मुदतीच्या करारात ते एका महिन्यापेक्षा जास्त असू शकत नाही, कायमच्या करारात दोन महिन्यांपर्यंत. म्हणून इथला पहिला पगार झाल्याशिवाय पुण्यातला फ्लॅट विकायला काढू नका.

आणि ज्यांना स्वतःच स्पॉन्सर व्हायचंय

इथे स्थिरावलेली, स्वतःची छोटी कंपनी काढलेली मराठी मंडळी आता बरीच आहेत, आणि पुण्याच्या काही कंपन्याही इथे बीव्ही उघडतात. त्यांच्यासाठी थोडं.

मान्यतेचा अर्ज कंपनीने करायचा, फी साडेचार हजार युरोंच्या पुढे असते. पन्नास किंवा त्याहून कमी माणसांच्या कंपनीला ती सवलतीत बसते. अर्ज फेटाळला तरी पैसे परत येत नाहीत, त्यामुळे तयारीशिवाय उडी मारू नका. निर्णयाची मुदत नव्वद दिवसांची. तपासतात ते असं: केव्हीकेमध्ये नोंद, दिवाळखोरी नाही, कंपनी पुढेही टिकेल अशी आर्थिक स्थिती, कर वेळेवर भरल्याचं कर खात्याचं पत्र, आणि संचालकांचा पूर्वेतिहास. दीड वर्षापेक्षा कमी वयाच्या कंपनीला व्यवसाय आराखडा द्यावा लागतो आणि त्यावर आरव्हीओ, म्हणजे उद्योगांसाठीचं सरकारी खातं, आपलं मत देतं. या आराखड्यात ‘युरोपभर विस्तार करणार’ छापाची वाक्यं लिहून उपयोग नसतो. हातातले करार, संभाव्य ग्राहकांची पत्रं आणि पहिल्या दोन माणसांचा पगार कुठल्या पैशातून देणार, हे लिहा.

आधी हिशेब करा की मान्यता लागणार आहे का. दोन वर्षांत एकच माणूस आणायचा असेल तर ब्लू कार्डचा मार्ग स्वस्त पडू शकतो. आणि गावाकडचा आचारी इथल्या हॉटेलात आणायचा असेल, तर हे दार त्याच्यासाठी नाही. त्या पगाराच्या मर्यादेत आचारी बसत नाही. हा प्रश्न मला गणेशोत्सवाच्या प्रत्येक जेवणात एकदा तरी विचारला जातो.

मान्यता मिळाली की आयएनडीच्या पोर्टलसाठी ईहेर्केनिंगचं, म्हणजे सरकारी संकेतस्थळांवर कंपन्यांची ओळख पटवणारं, लॉगिन काढा, आणि ते एकाच माणसाच्या नावावर ठेवू नका. आमच्याकडे एकदा ते फक्त माझ्याकडे होतं आणि मी तीन आठवडे कोल्हापूरला. त्याच काळात एकाने राजीनामा दिला. चार आठवड्यांची मुदत संपायला जेमतेम आठवडा असताना मी परतले, बॅग दारात ठेवली आणि आधी पोर्टल उघडलं.